वन्संच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या वन्संना सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचा राग नाही. फोन उचलल्यावर कधीकधी त्या स्वतःच "ब्रेकबाई बोलतेय" म्हणतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गाडी शिकवायचा धंदा. एक लहान पांढरी गाडी, तिच्या टपावर पाटी, रस्त्याला लागून एका खोलीचं ऑफिस आणि त्या खोलीच्या डोक्यावर राहतं घर. शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे क्लच आणि ब्रेक वन्संच्या सीटपुढेही आहेत. शिकवणीच्या प्रत्येक गाडीत ते असतातच. पण तो दुसरा ब्रेक वापरायची वन्संची एक तऱ्हा होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या तऱ्हेपायी झाला.

शिकणारा जर आगाऊ असेल, तर वन्सं "ब्रेक!" म्हणून अशा ओरडायच्या की बाजूचा सायकलवालाही थांबायचा. शिकणारी भित्री असेल तर मात्र एक अक्षर बोलायच्या नाहीत. चुपचाप आपला पाय दाबायच्या, खिडकीबाहेर एखाद्या दुकानाची पाटी वाचत असल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "छान थांबलीस." त्या बिचारीला वाटायचं, आपणच थांबलो. वन्संना स्वतःला ज्या माणसानं गाडी शिकवली तो इतका खेकसायचा, की त्यांनी मध्येच सोडून दिलं होतं आणि पुन्हा धीर गोळा करायला त्यांची कितीतरी वर्षं गेली. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं होतं: भित्र्या माणसाला आधी जमतंय असं वाटू द्यावं, मग खरंच जमतं. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर त्यातलं औषधच निघून गेलं असतं.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले ते हौसेनं नाही. आमची लाँड्री आहे. दोन दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले आणि एका लॉजचे टॉवेल. धुणं, इस्त्री आणि घड्या हे माझं खातं. गाठोडी व्हॅनमध्ये घालून पोचवायची आणि मळकी घेऊन यायची, हे आमच्या ह्यांचं. ह्यांच्या डोळ्यांचं दुखणं जुनं, पण पुरुषमाणूस, सांगेल तर शपथ. शेवटी व्हॅनचा आरसा एका खांबाला ठेचून आला तेव्हा मी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसतं, बाजूचं जवळजवळ गेलंय. गाडी आजपासून बंद. आमचे हे मुळातच नाकासमोर चालणारे. आता दिसायचंही तेवढंच उरलं.

ह्यांचे एक मित्र, निवृत्त ड्रायव्हर, तात्पुरती सकाळची फेरी मारून देत होते. पण ते लवकरच मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. पगारी ड्रायव्हर ठेवावा एवढा आमचा जीव नाही. मोठ्या दवाखान्यानं स्पष्ट सांगितलं होतं, चादरी वेळेवर आल्या नाहीत तर दुसरीकडे बघू. म्हणजे मित्र जायच्या आत मला लायसन्स मिळालं पाहिजे होतं. आणि मी अशी, की रस्ता ओलांडतानासुद्धा कुणाच्या तरी मागे मागे ओलांडते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर त्याचं सगळं कुटुंब.

त्याच सुमाराला वन्संकडे एक कंप्युटर कंपनीतला मुलगा शिकायला येत होता. आम्ही त्याला कोडवाला म्हणायचो. हुशार, पण गाडीत बसला की रस्ता आपल्या आजोबांनी बांधला असल्यासारखा. ऑफिसातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या वेळा, खोडाखोड आणि त्यातून झालेली भांडणं पाहून तो म्हणाला, मॅडम, तुम्ही स्वतःचं ॲप का करत नाही? वन्सं म्हणाल्या, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, कळावं लागत नाही. हल्ली एआय आहे, आपण बोलून सांगायचं काय पाहिजे, कोड ते लिहितं. मीही कंपनीत आता तेच करतो, मी सांगतो, ते लिहितं, मी तपासतो. एवढं बोलून तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघायला लागला, तेव्हा मला त्याची थोडी दया आली.

वन्संनी लॅपटॉपपुढे बसून, नव्या विद्यार्थ्याशी बोलावं तसं त्या एआयशी बोलायला सुरुवात केली. ते उलट प्रश्न विचारायचं. धडा किती वेळाचा? कुणी ऐनवेळी नाही म्हटलं तर काय करायचं? वन्संना हे फार आवडलं. म्हणाल्या, इतके प्रश्न शिकायला येणारे विचारत नाहीत, थेट गाडी सुरू करतात. दुपारपर्यंत फोनवर ॲप उघडायला लागलं होतं. त्यात एकाच वेळेला दोघांना जागा मिळत होती म्हणून वन्संनी त्याला झापलं. त्यानं माफी मागितली, चूक सुधारली, आणि सुधारताना सगळे रविवार गायब केले. वन्सं म्हणाल्या, हा अगदी आपल्यातला आहे, क्लचकडे बघितलं की गिअर विसरतो.

मग त्यांना चटक लागली. गाडी मागे कशी घ्यायची याचा व्हिडिओ त्यांनी दुसऱ्या एका एआयकडून करून घेतला. पहिल्या व्हिडिओतली बाई गाडी छान मागे घेत होती, फक्त स्टिअरिंग मागच्या सीटवर होतं. दुसऱ्यात बाईला तिसरा हात फुटला. वन्सं म्हणाल्या, मागे घेताना मलाही हेच वाटतं, एक हात कमी पडतो. चांगला व्हिडिओ शेवटी झाला, पण त्यांनी तो तीन हातांचाही ठेवून दिला आणि पहिल्याच दिवशी थरथरणाऱ्यांना आधी तो दाखवायला लागल्या. मीही तो पाहून पोट धरून हसले, आणि त्या दिवशी गाडी जरा बरी चालली.

सगळ्यात शेवटी त्या ॲपमध्ये गोल आला. प्रत्येक शिकणाऱ्याच्या नावापुढे एक गोल: लाल, पिवळा, हिरवा. धडा संपला की वन्संनी किती वेळा मदत करावी लागली ते भरायचं, गोलाचा रंग ॲप ठरवणार. हिरवा झाला की परीक्षेची तारीख घ्यायची. हे बनवताना ॲप लिहिणाऱ्या त्या एआयनं वन्संना विचारलं होतं, मदत कशाला म्हणायचं? वन्संनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं की मदत. त्यानं त्यांचे आभार मानले आणि तसं लिहून टाकलं.

माझा गोल हिरवा झाला तेव्हा मी इस्त्री करत होते. फोन वाजला, बघितलं, आणि इस्त्री तशीच चादरीवर राहिली. चादर करपली, पण मी रागावले नाही. शाळेत असताना धावण्यात शेवटची, सायकल कधी जमली नाही, शिवणयंत्राच्या पायट्यावरसुद्धा माझा पाय उलटा पडायचा. माझ्या पायांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं. मी तो गोल ह्यांना दाखवला, ह्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिला, आणि आम्ही दोघं लाँड्रीच्या मधोमध वेड्यासारखे हसत उभे राहिलो. परीक्षेची तारीख मिळाली ती मित्र जायच्या आदल्याच आठवड्यातली.

इकडे वन्संही खूश होत्या. त्यांच्या सगळ्या भित्र्या मुलीबाळी, एका आजीसकट, भराभर हिरव्या होत होत्या. आगाऊ मंडळी मात्र लालच्या लाल. कोडवाला तक्रार घेऊन आला, माझी गाडी या सगळ्यांपेक्षा बरी चालते, मग मी लाल कसा? वन्संनी आधी त्याला उडवून लावलं, उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणाल्या. पण मनात कुठेतरी खटकलंच. तो गेल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडून सरळ विचारलं, हा लाल आणि माझी भावजय हिरवी, असं का? उत्तर आलं ते साधंच होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे, तुम्ही बोललात तर ती मदत धरली आहे. या विद्यार्थ्याच्या धड्यात तुम्ही बरंच बोलता. भावजयीच्या धड्यात तुम्ही जवळजवळ काहीच बोलत नाही.

वन्सं मला पुढे म्हणाल्या, ते वाचलं आणि माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

त्या दुसऱ्या दिवशी लाँड्रीत आल्या. मी दवाखान्याच्या मोठ्या चादरींच्या घड्या घालत होते. हे काम दोघींचं. वन्संनी न सांगता समोरची दोन टोकं धरली. चादर ताणायची, मध्ये दुमडायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकं जुळवायची, पुन्हा मागे व्हायचं. दोन-तीन चादरी झाल्या तरी बाई गप्प. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असतो. मी विचारलं, काय झालं? त्या टोकं घेऊन माझ्यापर्यंत आल्या आणि चादर माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तू थांबत नव्हतीस गं. मी थांबवत होते."

मला कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, तो चुपचाप दाबलेला पाय, ती दुकानाची पाटी, ते "छान थांबलीस". मी विचारलं, किती वेळा? त्या म्हणाल्या, मोजलं नाही, पण जिथे जिथे तुला वाटलं की अगदी वेळेवर थांबलो, तिथे तिथे बहुतेक मीच. शाळेजवळची ती मुलगी? मीच. वळणावरचा टेम्पो? तोही मीच. मी चादर खाली टाकली. धुतलेली चादर मी जन्मात खाली टाकलेली नाही. इतके दिवस मी वन्संच्या ओंजळीनं पाणी पीत होते आणि माझी तहान भागली म्हणून गावभर सांगत होते. मला त्यांचा इतका राग आला, की रडूसुद्धा येईना.

तेवढ्यात हे बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा हिशोब सरळ होता: परीक्षा घेणारा साहेब मैदानाला एक चक्कर मारायला लावतो, तेवढं हिला येतं, लायसन्स मिळू दे, हात पुढे आपोआप बसेल. वन्सं म्हणाल्या, परीक्षेला मी गाडी देणार नाही आणि तारीख मी काढून टाकली आहे. मग बहीणभावात जे जुंपलं ते विचारू नका. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मित्र जाणार, दवाखाना जाणार, हे तुला माहीत असून तू माझ्या मुळावर उठलीस, असं हे म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुझ्याच ॲपनं हिरवा दिला होता ना?"

"हिरवा मी दिला होता," वन्सं म्हणाल्या. "त्यानं फक्त दाखवला."

त्यानंतर ह्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं.

वन्संनी त्याच आठवड्यात गॅरेजवाल्याकडून आपल्या ब्रेकखाली एक बझर बसवून घेतला. त्यांनी पाय लावला की तो असा कर्कश वाजायचा, की लपवायची सोयच उरली नाही. ॲपलाही त्यांनी नव्यानं समजावलं: मी बोलले की मदत नाही, बझर वाजला की मदत. आठवडाभरात हिरवे गोल लाल झाले. दोनतीन जणी भांडून दुसरीकडे गेल्या. एकीच्या नवऱ्यानं फोनवर फसवणूक म्हणून सुनावलं, आणि वन्संनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एरवी त्या कुणाचं अर्धं वाक्यही ऐकून घेत नाहीत.

पण खरं अवघड काम पुढेच होतं. गेल्या कित्येक वर्षांत ज्या भित्र्या बायकांना त्यांनी असं शिकवून लायसन्स मिळवून दिलं होतं, त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून फोन लावला. काय केलं होतं ते सांगितलं आणि फुकट एक फेरी मारायला बोलावलं. मी म्हटलं, कशाला झाकली मूठ उघडताय? त्या म्हणाल्या, मूठ माझी आहे, गाडीखाली दुसरं कुणी येईल. बऱ्याच जणी मागाहून आपल्या आपण शिकल्या होत्या आणि बझर वाजलाच नाही. एक मास्तरीणबाई मात्र आल्या, त्यांनी लायसन्स मिळाल्यापासून गाडीला हातच लावला नव्हता. वन्संचं बोलणं ऐकून त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं माझ्याच डोक्यात बिघाड आहे. तुम्ही शेजारी असलात की गाडी थांबायची, एकटी असले की नाही." वन्सं त्यांच्यासाठी चहा करायला म्हणून वर घरात गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

माझी त्यांच्याबरोबरची पहिली बझरवाली फेरी मी कधी विसरणार नाही. कोपऱ्यावर वाजला, गतिरोधकापाशी वाजला, एका बसमागे तर वाजतच राहिला. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. मी गाडी कडेला लावली आणि म्हटलं, मला नाही जमणार, तुमचं ते खोटंच बरं होतं. वन्सं म्हणाल्या, त्या खोट्याला मी तुझ्या आधी भुलले. मलाही वाटायला लागलं होतं की तू छान चालवतेस. मग त्यांनी मला रडू दिलं, आणि रडून झाल्यावर गाडी पुन्हा त्याच कोपऱ्यावर न्यायला लावली.

मित्र गेले. मोठा दवाखाना गेला. आम्ही लहान दवाखान्याची आणि लॉजची गाठोडी भाड्याच्या रिक्षानं पोचवू लागलो, आणि कामाच्या दोन बायकांपैकी एकीला मला नाही म्हणावं लागलं. ती गेली त्या संध्याकाळी मी वन्संना मनातल्या मनात नको नको ते बोलले. आणि सकाळी पुन्हा त्यांच्या गाडीत जाऊन बसले, कारण दुसरा रस्ता नव्हता.

बझर हळूहळू कमी झाला. आधी वळणं सुटली, मग चौक. मला एक गोष्ट कळत गेली, थांबायचं ठिकाण आधी डोळ्याला दिसावं लागतं, पाय नंतर येतो. आधी मी रस्त्याकडे बघतच नव्हते, वन्संच्या "छान"ची वाट बघत होते. एका सकाळी आम्ही बाजारातून, शाळेवरून, मालाच्या गाड्यांच्या गर्दीतून फिरून परत आलो आणि ऑफिससमोर थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की आज आवाजच झाला नाही. मी शेजारी बघितलं. वन्सं सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. अख्खी फेरी तशाच बसून होत्या. पायाला मुंग्या आल्यामुळे त्यांना गाडीतून उतरता येईना, शेवटी मी हात धरून उतरवलं. दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा राग गेला.

पुढच्या परीक्षेत मी पास झाले. साहेबांनी खरंच एकच चक्कर मारायला लावली. ह्यांनी त्यावरून बरंच ऐकवलं, हेच मी तेव्हा सांगत होतो, म्हणाले. वन्संचं नाव मात्र घेतलं नाही.

व्हॅन मी पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा हे शेजारी बसले. मागे लहान दवाखान्याच्या चादरी होत्या. सकाळ होती, ऊन तिरकं पडलं होतं. दवाखान्याच्या गल्लीत कडेला एक पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या चाकापाशी मला एक चप्पल हललेली दिसली, आणि टँकरच्या आडून एक म्हातारे गृहस्थ, हातात औषधाची पिशवी घेऊन, सरळ रस्त्यात आले. मी थांबले. मागची गाठोडी घरंगळत आमच्या सीटपर्यंत आली. गृहस्थांनी व्हॅनच्या नाकावर हात टेकला, माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू पलीकडे गेले.

व्हॅनमध्ये दुसरा ब्रेक नाही. तरी माझी नजर सवयीनं शेजारच्या पायांकडे गेली. ह्यांचे पाय होते तसेच, सैल, एकावर एक टाकलेले. ह्यांना काहीच कळलं नव्हतं.

"का थांबलीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, एक आजोबा मध्ये आले होते.

"कुठून?"

"तुमच्या बाजूनं."

ह्यांनी मान वळवून त्या बाजूला बघितलं. टँकर होता तिथे, आणि आजोबा तर आता रस्त्याच्या पार पलीकडे होते. हे बराच वेळ तिकडेच बघत राहिले. माझ्या मनात एकच विचार होता, मी त्या पहिल्या तारखेला पास झाले असते तर आज या गल्लीत काय झालं असतं. ह्यांच्याही मनात तोच होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी व्हॅन कडेला घेतली.

"ताईला फोन लाव," हे म्हणाले, "मी बोलतो."